नवी बिल्डिंग कशी असावी, हे सांगायला मला कोणी बसवलं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'अं…' आणि खोकले काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

 

मागे एका भागात मी सहज बोलून गेले होते, की सिॲटलमध्ये मी दोन वर्षं शहराच्या एका बोर्डावर होते आणि नव्या बिल्डिंगांची डिझाइन्स बघायचं काम करत होते. त्यावर बरेच मेसेज आले. "ताई, तू आर्किटेक्ट आहेस का?" नाही, मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. "पगार मिळायचा का?" नाही, एक डॉलरही नाही. "मग बिल्डर तुझं ऐकायचे कशाला?" हा प्रश्न भारी आहे. आजचा अख्खा भाग त्याच्यावरच.

उत्तर आधीच थोडक्यात सांगते, म्हणजे ज्यांचं स्टेशन जवळ आलंय त्यांना अर्धवट सोडावं लागणार नाही. अशा बोर्डावर तुमच्या हातात फार थोडं असतं. पण जे असतं ते रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला पुढची पन्नास-साठ वर्षं भोगावं लागतं. आणि ते वापरताना दर वेळी स्वतःला विचारावं लागतं: माझ्या या सूचनेपायी शंभर घरं दोन-तीन महिने उशिरा होणार असतील, तर सूचना तेवढ्या मोलाची आहे का?

हे बोर्ड म्हणजे नक्की काय?

सिॲटलमध्ये डिझाइन रिव्ह्यू १९९४ साली सुरू झाला. कल्पना साधी होती. एका ठरावीक आकारापेक्षा मोठी बिल्डिंग बांधायची असेल, तर परवानगी मिळायच्या आधी तिचं डिझाइन त्या भागातल्या लोकांच्या एका छोट्या गटासमोर, उघड मीटिंगमध्ये मांडायचं. माझ्या वेळी शहराचे आठ भाग होते आणि प्रत्येक भागाचं आपलं बोर्ड होतं.

एका बोर्डावर पाच जण. पाचही वेगवेगळ्या बाजूंचे, हे मुद्दाम. कोणी आर्किटेक्ट किंवा डिझाइनवाला, कोणी बांधकामाच्या धंद्यातला, कोणी तिथल्या दुकानदारांच्या बाजूने, कोणी रहिवाशांच्या बाजूने. मी रहिवासी म्हणून. अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, आणि मग महापौर आणि सिटी कौन्सिल नेमणूक करतात. मुदत दोन वर्षांची.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपली बरीच मराठी मंडळी मायक्रोसॉफ्टमुळे रेडमंड-बेलव्ह्यूकडे राहतात. ती वेगळी शहरं आहेत, त्यांचे नियम वेगळे, समित्या वेगळ्या. मी बोलतेय ते फक्त सिॲटल शहराबद्दल.

आणि हे सगळं एवढं महत्त्वाचं का झालं? २०१० च्या जनगणनेत सिॲटलची लोकसंख्या ६,०८,६६० होती. २०२० मध्ये ७,३७,०१५. म्हणजे दहा वर्षांत सव्वा लाखाहून जास्त माणसं वाढली. पुणे-मुंबईच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण तिथे त्याचा अर्थ असा, की ओळखीच्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर क्रेन उभी. जुनं एकमजली दुकान पाडलं, तिथे सात मजले. आपल्याकडे रीडेव्हलपमेंट म्हटलं की जे चित्र डोळ्यासमोर येतं ना, अगदी तेच.

दोन फेऱ्या

माझ्या वेळी प्रत्येक प्रकल्प दोनदा यायचा.

पहिली फेरी अगदी सुरुवातीला. तेव्हा खिडक्या, रंग, विटा यातलं काही ठरलेलं नसतं. ठरवायचं असतं ते फक्त ठोकळ्याचं. हा एवढा मोठा ठोकळा प्लॉटवर कसा बसवायचा? मधे अंगण ठेवायचं की मागे? कोपरा कापायचा का? आर्किटेक्टने किमान तीन वेगळे पर्याय आणायचे, असा नियम. तिन्हींमध्ये खरा फरक हवा. एकच ठोकळा तीन रंगांत आणला, तर ते लगेच कळतं.

दुसरी फेरी काही महिन्यांनी. आता सगळं तपशिलात. भिंतीला काय लावणार, फूटपाथला कोणती झाडं, दिवे कुठे, दुकानाची पाटी कुठे, कचऱ्याचे डबे कुठून बाहेर येणार. यावर बोर्ड मत देतं. अंतिम निर्णय शहराच्या बांधकाम खात्याचा. पण इथेच त्या प्रश्नाचं उत्तर आहे, की बिल्डर ऐकायचे कशाला. पाचपैकी चार किंवा जास्त सदस्यांचं एकमत झालं, तर काही ठरावीक अपवाद सोडले तर खात्याला ते मानावं लागतं आणि ती परवानगीची अट होते. एकटीच्या मताला किंमत शून्य. चौघांच्या मताला बरीच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून कळतं, की इथे चमकायचं नाहीये, पटवायचंय.

एक संध्याकाळ कशी जायची

ऑफिस सुटल्यावर मीटिंग. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. २०२० च्या मार्चपर्यंत समोरासमोर, मग कोविडमुळे ऑनलाइन.

त्याआधी घरी अभ्यास. प्रत्येक प्रकल्पाची एक जाडजूड पीडीएफ येते, आणि ती सगळ्यांसाठी खुली असते. कोणीही उघडून बघू शकतं. त्यात आजूबाजूच्या रस्त्यांचे फोटो, नकाशे, सावल्यांची चित्रं, नियमांची यादी. मी एक सवय लावून घेतली होती. पीडीएफ वाचायच्या आधी त्या जागी जाऊन यायचं. जमलं तर दोनदा, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. बस स्टॉपवर दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. लोक कुठून येतात, रस्ता कुठे ओलांडतात, पाऊस आला की कुठे आसरा घेतात. हे कुठल्याच चित्रात दिसत नाही.

एका प्रकल्पाला साधारण दीड तास. आधी आर्किटेक्ट मांडणी करतो. मग आमचे प्रश्न. मग लोकांचं बोलणं, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. मग आम्ही पाच जण सगळ्यांसमोर चर्चा करतो. आणि शहराचा एक प्लॅनर हे सगळं टिपून अहवाल लिहितो.

'सगळ्यांसमोर' या शब्दाला तिथे फार वजन आहे. वॉशिंग्टन राज्यात उघड बैठकींचा कायदा १९७१ पासून आहे. बोर्डाच्या पाचपैकी तिघांनी कुठेही बसून प्रकल्पावर चर्चा केली, तर ती मीटिंगच धरली जाऊ शकते, आणि मग ती लोकांना आधी कळवून, उघडपणेच व्हायला हवी. म्हणून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता. खरंच नव्हता! ईमेलवर सगळ्यांना 'रिप्लाय ऑल' करून मत द्यायचं नाही, असं सुरुवातीलाच सांगितलेलं. बिल्डरशी बाहेर कॉफी नाही, शेजाऱ्यांशी प्रकल्पाबद्दल गप्पा नाहीत. जे काही बोलायचं ते माइकवर. आणि प्रकल्पात स्वतःचा काही संबंध असेल, तर आधीच सांगून बाजूला व्हायचं.

जे आपल्या हातात नाही

लोक मीटिंगला येतात ते बहुतेक वेळा तीन गोष्टी बोलायला. बिल्डिंग फार उंच आहे. पार्किंग कुठे आहे? आणि आमच्या खिडकीतून डोंगर दिसायचा, तो आता दिसणार नाही.

यातलं बोर्डाच्या हातात जवळजवळ काहीच नसतं. उंची झोनिंगने ठरते. एका प्लॉटवर किती बांधायचं, ज्याला आपण एफएसआय म्हणतो, तेही तिथेच ठरतं. ७५ फूट चालतील असं झोनिंग म्हणत असेल, तर "पाच मजलेच बांधा" असं बोर्ड म्हणू शकत नाही. पार्किंगचं तर अजून वेगळं. सिॲटलमध्ये ज्या दाट वस्तीच्या भागांत बस-ट्रेन सारख्या सुरू असतात, तिथे बिल्डरने पार्किंग द्यायलाच हवं अशी सक्ती नाही. भाडं किती असावं, आत कोण राहायला यावं, हेसुद्धा आमच्या कक्षेबाहेर.

एखाद्या आजी काकुळतीला येऊन बोलतात, आणि आपल्याला माहीत असतं की त्यांच्या मुद्द्यावर आपण काही करू शकत नाही. ते नीट ऐकून घेणं आणि मग स्पष्टपणे "हे आमच्या अधिकारात नाही" असं सांगणं, हाही कामाचा भाग. खोटी आशा दाखवली, तर त्या आजी पुढच्या मीटिंगला पुन्हा येतात, आणि पुन्हा निराश होऊन जातात.

मग हातात काय असतं? शहराची डिझाइनची ११ सूत्रं आहेत, २०१३ साली लागू झालेली. ती तीन गटांत: जागा आणि आजूबाजूचा परिसर, लोकांचा वावर, आणि खुद्द बिल्डिंगचं डिझाइन. कॅपिटॉल हिलसारख्या काही भागांची स्वतःची जास्तीची सूत्रंही आहेत. सदस्याने जे बोलायचं ते या सूत्रांना धरून. अजून एक महत्त्वाची किल्ली म्हणजे सवलत. समजा सामासिक अंतराच्या नियमातून बिल्डरला थोडी सूट हवी आहे. ती मिळू शकते, पण एका अटीवर: सूट दिल्याने डिझाइन त्या सूत्रांच्या जास्त जवळ जायला हवं. म्हणजे नुसतं मागून मिळत नाही, बदल्यात रस्त्याला काहीतरी द्यावं लागतं.

चांगली सूचना कशी असते?

आता हा भाग नीट ऐका, कारण हे फक्त सिॲटलला लागू नाही. सोसायटीच्या मीटिंगलाही लागू आहे.

वाईट सूचना: "मला हा राखाडी रंग आवडला नाही." यावर आर्किटेक्ट मान डोलावतो आणि पुढे जातो. तुमची आवड हा काही मुद्दा नाही.

चांगली सूचना: "बस स्टॉपच्या मागे तुमची तीस फूट कोरी भिंत येते. आत ट्रान्सफॉर्मरची खोली आहे, हे मान्य. पण इथे लोक रात्री दहा वाजता एकटे उभे असतात. ही खोली गल्लीच्या बाजूला सरकवता येईल का? नाहीच जमलं, तर निदान वरून छत आणि दिवा द्या." यात काय आहे बघा. जागा नेमकी आहे. माणूस नेमका आहे. त्रास नेमका आहे. आणि आर्किटेक्टला उपाय शोधायला वाव आहे.

यामागे एक जुना विचार आहे. जेन जेकब्ज नावाच्या बाईंनी १९६१ साली अमेरिकेतल्या शहरांवर एक पुस्तक लिहिलं. त्या काही नगररचनाकार नव्हत्या, पत्रकार होत्या. त्यांचं म्हणणं साधारण असं, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्याच्याकडे बघणारे लोक: दुकानदार, खिडकीत बसलेली माणसं, येणारे-जाणारे. आपल्या चाळीच्या गॅलऱ्या आठवा. गॅलरीतल्या काकूंना न कळता चाळीत कोण येऊ शकायचं? आता तळमजल्यावर नुसती पार्किंगची जाळी आणि कोरी भिंत असलेला टॉवर आठवा. संध्याकाळी तिथून चालताना पाय आपोआप उचलले जातात की नाही?

छताचं म्हणाल तर सिॲटलचा पाऊस वेगळा. वर्षभराचा एकूण पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण ऑक्टोबर ते मार्च रिपरिप रिपरिप, थांबतच नाही. म्हणून फूटपाथवर छत असावं, हे त्या सूत्रांमध्ये चक्क लिहिलेलं आहे. आमच्या मीटिंगमध्ये छतावर जेवढी चर्चा झाली, तेवढी बाकी कशावर झाली नसेल. दोन फूट खोल छत नुसतं शोभेचं. सहा फूट असेल तर त्याखाली बाबागाडी घेऊन आई उभी राहू शकते.

आणि सावली. ही मला तिथे जाऊनच कळली. पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमाराला दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो. वस्तूची सावली तिच्या उंचीपेक्षा थोडी कमीच पडते. सिॲटलमध्ये त्याच दिवशी सूर्य जेमतेम १९ अंश. सावली उंचीच्या जवळजवळ तिप्पट! म्हणजे ७५ फुटांची बिल्डिंग भर दुपारी २०० फुटांपेक्षा लांब सावली टाकते. समोरचा फूटपाथ, समोरची बाग, सगळं सावलीत. बिल्डिंगची उंची तर आपण कमी करू शकत नाही. पण वरचे दोन मजले थोडे मागे घ्या, किंवा अंगण दक्षिणेला उघडं ठेवा, एवढं सांगता येतं. हिवाळ्यात तास-दीड तास ऊन मिळालं तरी तिथल्या माणसाला त्याची किंमत कळते.

मीटिंगची किंमत

इथपर्यंत सगळं छान वाटतंय ना? आता दुसरी बाजू.

पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीत बोर्डाचं समाधान झालं नाही, तर "पुन्हा या" असं म्हणता यायचं. पुन्हा या म्हणजे नवी चित्रं, नवी तारीख, दोन-तीन महिने.

एक हिशेब करू. आकडे मी समजण्यासाठी धरतेय. बिल्डरने जमीन १ कोटी डॉलरला घेतली आणि कर्जाचा दर ८ टक्के. वर्षाचं व्याज ८ लाख डॉलर, महिन्याचं साधारण ६७ हजार. बिल्डिंगमध्ये १०० घरं असतील, तर एका महिन्याच्या उशिराचा बोजा घरामागे ६७० डॉलर. तीन महिने म्हणजे दोन हजार. हे नुसतं जमिनीवरचं व्याज. आर्किटेक्टची फी, वाढलेली मजुरी वेगळी. हा पैसा कुठून येणार? काही बिल्डरच्या नफ्यातून जाईल, काही भाड्यात येईल, आणि काही प्रकल्प होणारच नाहीत.

अजून एक गोष्ट मला फार खटकायची. मीटिंगला कोण येतं? ज्यांची शेजारी स्वतःची घरं आहेत, ज्यांना संध्याकाळी वेळ आहे. त्यांचं येणं चूक नाही, त्यांचा रस्ता आहे तो. पण त्या शंभर घरांत जे राहणार आहेत, ते कधीच येत नाहीत. येणार कसे? त्यांना माहीतच नसतं की दोन वर्षांनी आपण इथे राहणार आहोत. कोणी अजून कॉलेजात आहे, कोणी दुसऱ्या शहरात, कोणी तासभर लांबून बसने कामाला येतंय. त्या खोलीत त्यांच्या बाजूने बोलायला कोणीच नसतं. मी स्वतः भाड्याने राहत होते. म्हणून मी एक रिकामी खुर्ची मनात धरूनच बसायचे, की इथे त्या भाडेकरूला बसवलं असतं तर तो काय म्हणाला असता?

एक प्रकल्प सांगते, नाव-पत्ता नाही. सात मजले, खाली दुकानं, वर शंभरएक घरं. दुसरी फेरी. आम्हा पाच जणांचे दोन मुद्दे. एक, बाहेरचं मटेरियल. चार प्रकारचे पॅनेल, तीन रंग, नुसती गोधडी झाली होती. दोन, मघाशी सांगितली तशी बस स्टॉपमागची कोरी भिंत, आणि कचऱ्याचं दार थेट फूटपाथवर उघडणारं.

तिघांचा कल "पुन्हा या" म्हणण्याकडे होता. मी म्हटलं, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, पण वजन सारखं नाहीये. गोधडी डोळ्यांना खुपते. भिंत आणि कचऱ्याचं दार रोज लोकांच्या वाटेत येतं. आणि दुसरा मुद्दा सोडवायला नवी मीटिंग लागत नाही, आपण नेमक्या अटी लिहू शकतो: दार गल्लीत घ्या, छत सलग करा, भिंतीला खिडकी किंवा दिवा द्या. मटेरियलचं एक कमी करा, एवढंही अटीत लिहू. पूर्ततेची तपासणी शहराचा प्लॅनर करेल.

बराच वेळ चर्चा झाली. आमच्यातल्या एका अनुभवी आर्किटेक्टने जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. ते म्हणाले, उशीर महाग पडतो हे खरं, पण तो एकदाच पडतो. घाईत मंजूर केलेला वाईट कोपरा मात्र पन्नास वर्षं तिथे असतो, आणि त्याचं बिल कोणी मोजत नाही. शेवटी चार विरुद्ध एक मतांनी अटींसह मंजुरी गेली. एक मत त्यांचंच, विरोधात.

मला माझं मत आजही बरोबर वाटतं. पण त्यांचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका प्रकल्पात, पहिल्याच फेरीत, तीन पर्यायांच्या नावाखाली एकच ठोकळा आला होता आणि त्याचं अंगण अख्खा दिवस सावलीत. तिथे "पुन्हा या" म्हणायला मीच पहिला हात वर केला. कारण ठोकळा एकदा चुकला की पुढे कुठल्याही अटीने तो सुधारत नाही. मी स्वतःपुरता नियम केला तो असा: जे नंतर बदलता येणार नाही, त्यासाठीच लोकांचा वेळ मागायचा. बाकीचं अटीत लिहायचं.

मग कायदाच बदलला

हा वाद फक्त आमच्या खोलीत चालू नव्हता. घरं महाग होत चालली, तसं सगळ्या राज्यात लोक विचारू लागले, की डिझाइन तपासण्यात इतका वेळ का जातो? २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला. शहरांनी डिझाइन तपासताना स्पष्ट आणि मोजता येतील असेच निकष लावायचे, आणि त्यासाठी एकापेक्षा जास्त जाहीर मीटिंग घ्यायची नाही. त्यामुळे सिॲटललाही आपली पद्धत बदलणं भाग पडलं. मी सांगितली ती दोन फेऱ्यांची पद्धत माझ्या काळची, हे लक्षात ठेवा. आता कोणी अर्ज करणार असाल तर शहराच्या साइटवर सध्याची व्यवस्था आधी वाचा.

"वाईट वाटलं का?" असं मैत्रिणीने विचारलं. खरं सांगू? अर्धं. 'स्पष्ट निकष' हे चांगलंच आहे. सहा फूट छत हवं असेल तर नियमातच लिहा ना, दर वेळी पाच जणांच्या मूडवर का ठेवायचं? पण बस स्टॉपवर रात्री दहाला उभ्या असलेल्या बाईला कसं वाटतं, हे कुठल्या कोष्टकात बसवायचं, ते मला अजून समजलेलं नाही.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांचा प्रश्न येणारच, म्हणून थोडक्यात. आपल्याकडे साध्या बिल्डिंगचं डिझाइन लोकांसमोर मांडायची पद्धत नाही. आर्किटेक्ट नकाशे दाखल करतो, महापालिका नियमावलीशी ताडून बघते, परवानगी देते. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंचे नियम आहेत आणि त्यासाठी समिती आहे, पण ती तज्ज्ञांची आणि वारशापुरती.

पण दारं पूर्ण बंद नाहीत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने, शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की कोणालाही हरकती-सूचना देता येतात. कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे शाळा, हे तिथे ठरतं. त्याचा उपयोग होतो का? मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत आला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि एप्रिलमध्ये सरकारने तो मागे घेऊन नव्याने करायला सांगितला. आणि तुमच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाची माहिती, मंजूर नकाशांसकट, बहुतेक वेळा महारेराच्या साइटवर फोनवरच बघता येते.

हरकत लिहिताना तेच सूत्र वापरा: जागा नेमकी, माणूस नेमका, त्रास नेमका, उपाय सुचवलेला. "आमच्या भागाचा सत्यानाश होतोय" याला उत्तर देता येत नाही. "शाळेच्या फाटकासमोर गाड्यांचं प्रवेशद्वार येतंय, ते मागच्या रस्त्याला घ्या" याला द्यावंच लागतं.

आणि तुम्ही सिॲटलला असाल, वय १८ ते २९ च्या मधलं असेल, तर शहराच्या बऱ्याच बोर्डांवर आणि आयोगांवर तरुणांसाठी राखीव जागा असतात, 'गेट एन्गेज्ड' नावाच्या उपक्रमातून. बिल्डिंगच असं नाही. बागा आहेत, वाहतूक आहे. आर्किटेक्ट असायची गरज नाही. आधी एखादी मीटिंग नुसती ऐका. मग एका पीडीएफवर लेखी मत पाठवून बघा. मग ठरवा.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. घराजवळच्या एका नव्या बिल्डिंगसमोर दहा मिनिटं उभे राहा. तळमजल्यावर काय आहे, पाऊस आला तर कुठे थांबाल, अंधार पडल्यावर तिथून एकट्याने चालावंसं वाटेल का, एवढंच बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूच!